भैरवीची एक तबकडी आणि अर्ध्या सुराचा फरक

जुनी_सुई · रविवार, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी,

नारायण पेठेतला आमच्या मामांचा वाडा आता पाडायला जातोय. गेल्या महिन्यात माळा रिकामा करताना एक पत्र्याची ट्रंक निघाली. वर मामींच्या नऊवारी, आणि त्यांच्याखाली ओळीने उभ्या लावलेल्या तबकड्या. आडव्या रचल्या असत्या तर खालच्या निम्म्या तरी तडकल्या असत्या. मामांनी उभ्या ठेवल्या म्हणून वाचल्या. अठ्ठ्याहत्तरच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या) ५८, एलपी ९ आणि स्पूल (टेपच्या फिती) ११. स्पूलच्या डब्यांवर मामांच्या अक्षरात तारीख आणि 'घरी' एवढंच लिहिलंय.

पहिली लावली ती ओडियन कंपनीची. अब्दुल करीम खाँसाहेब, 'जमुना के तीर', भैरवी. ही भैरवी मी वीस वर्षं ऐकतोय, आधी कॅसेटवर, मग नेटवर. एकूण एक जागा पाठ आहे. तरी सुई टेकली आणि मी उठून उभा राहिलो. माझ्या कानातले खाँसाहेब बारीक, टोकदार आवाजाचे होते. या तबकडीतला आवाजही तितकाच गोड, पण त्याच्याखाली छाती आहे. वरच्या षड्जाकडे जाताना घाई नाही. स्वर लागला की तो तिथे बसतो, आपल्याला बघू देतो आणि मग पुढे जातो. ही साठी ओलांडलेल्या माणसाची गायकी आहे, हे मला वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकू आलं.

मग बाजाची पेटी काढली. नेटवरची प्रत आणि माझी तबकडी यांच्यात जवळजवळ अर्ध्या सुराचा फरक आहे. माझी खाली, नेटवरची वर.

तर खरं काय समजायचं? आणि तुमच्याकडे अशी एखादी ध्वनिमुद्रिका आहे का, जी दुसऱ्या प्रतीत ऐकल्यावर गायकच वेगळा वाटला? कुठली, कोणत्या कंपनीची, काय ऐकू आलं, हे सविस्तर लिहा.


खरज · रविवार, रात्री १०:३२

आधी टर्नटेबलचा वेग तपासा. बाकी चर्चा नंतर.


लाखेची_तबकडी · रविवार, रात्री ११:०५

अभिनंदन, मोठा ठेवा मिळालाय. काही गोष्टी लगेच लिहितो, कारण पहिल्या आठवड्यातच नुकसान होतं.

१९५० च्या आसपासपर्यंतच्या या तबकड्या लाखेच्या आहेत. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एलपी पुसायचं जे द्रव बाजारात मिळतं त्यात बहुधा अल्कोहोल असतं, ते यांना चुकूनही लावू नका. माझ्या एका स्नेह्यांनी झोहराबाई आग्रेवालींची तबकडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. बोळा काळा झाला, त्यांना वाटलं मळ निघतोय. निघत होती ती झोहराबाई. डिस्टिल्ड पाणी, त्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ कापड, लेबलला पाणी लागू द्यायचं नाही आणि सावलीत उभं करून वाळवायचं.

दुसरं म्हणजे सुई. एलपीची सुई यांवर लावू नका. एलपीची खाच अरुंद असते, तिची सुई टोकाला इंचाच्या हजाराव्या भागाइतकी किंवा त्याहून बारीक. अठ्ठ्याहत्तरच्या खाचेला साधारण तिप्पट जाड सुई लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते, आणि तळाशी नुसती धूळ असते. गाणं असतं ते भिंतींवर. तुम्हाला जी 'छाती' ऐकू आली ती योग्य सुईमुळेही असेल.

तिसरं, वेग. 'अठ्ठ्याहत्तर' हा आकडा नंतर पक्का झाला. सुरुवातीच्या काळात कोणी ७४ वर कापल्या, कोणी ८० वर. हिशेब सोपा आहे: वेगात साधारण सहा टक्के फरक पडला की अर्धा सूर बदलतो. ७८ ची तबकडी ८२.६ ने फिरवा, काळी एकची पांढरी दोन होते. १९३० च्या दशकातल्या ओडियनबद्दल मात्र मी ७८ पासूनच सुरुवात करीन.


जुनी_सुई · सोमवार, रात्री ९:२०

खरज, तबकडीदादा, दोघांचेही आभार. सुई जाडच आहे, ती आधीच बदलून घेतली होती.

वेग तपासला. स्ट्रोबची, म्हणजे वेग तपासायची, चकती छापून घेतली, ७८ साठी ७७ रेघांची. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, म्हणजे दिवा मिनिटाला ६००० वेळा लुकलुकतो. ६००० भागिले ७७, म्हणजे ७७.९२. वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी स्थिर दिसायला हव्यात. पहिला तास वाया गेला, कारण खोलीत एलईडी बल्ब आहेत आणि त्यांच्या उजेडात रेघांचा नुसता करडा धूर दिसतो. शेवटी स्वयंपाकघरातल्या चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली ओट्यावर टर्नटेबल नेलं. रेघा मागे पळत होत्या. म्हणजे हळू फिरतंय.

किती हळू, ते कळायला तबकडीच्या कडेला कागदाची चिठ्ठी लावली, सुई टेकवली (सुई टेकवूनच मोजायचं, तिच्या घर्षणाने वेग थोडा पडतो) आणि तीन मिनिटं फेरे मोजले. मुलगी घड्याळ धरून बसली होती. २२८ भरले, म्हणजे मिनिटाला ७६. दोन्हींतून एकच उत्तर आलं.

७६ म्हणजे अडीच टक्क्यांची कमी. त्याने पाव सुराच्या आसपास फरक पडेल. पण मला ऐकू येतोय तो पुरता अर्धा सूर. उरलेला पाव सूर कोणाचा?


खरज · सोमवार, रात्री ९:४१

उरलेला नेटवाल्याचा. तुम्ही खाली होतात, तो वर आहे.


बागेश्री · मंगळवार, सकाळी ६:५०

मी गाणं शिकते, संग्राहक नाही. पण हा प्रश्न रोजच्या रियाजात येतो म्हणून लिहिते.

वेग वाढला की फक्त पट्टी वर जात नाही. सगळंच आवळलं जातं. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आखूड होते, आंदोलन (स्वराचं डोलणं) भरभर होतं, तानेचे दाणे एकमेकांना चिकटतात, आणि अ-आ-ई बारीक होतात, जणू तोंड लहान झालंय. खाँसाहेबांच्या किराणा घराण्याची गायकी शिकताना मी याच भैरवीच्या नेटवरच्या प्रतीवरून जागा उचलायचा प्रयत्न केला. कोमल रिषभावरचं ते हलकं आंदोलन मला त्या गतीने कधीच जमलं नाही. मी जबरदस्तीने घाईने करायची आणि ते थरथरल्यासारखं व्हायचं. बाई म्हणायच्या, "स्वराला धक्का देऊ नकोस, तो आपला आपण हलू दे." आता वाटतंय की मी यंत्राच्या गतीची नक्कल करत होते.

पट्टी ठरवायला एक उपाय सुचवते. दोन्ही बाजू एकाच दिवशी कापलेल्या असतील तर दोन्हींचा षड्ज सहसा एकच निघायला हवा. आणि साथीला पेटी असेल तर षड्ज पेटीच्या एखाद्या पट्टीवर नेमका बसायला हवा. दोन पट्ट्यांच्या मधे लोंबकळत असेल तर वेग चुकलाय.


मिरजेचा_तानपुरा · मंगळवार, सकाळी ९:१५

बागेश्रीताई, पेटीचा उपाय अर्धाच चालतो. त्या काळच्या पेट्या आजच्या ट्यूनरला लावून बघाल तर एकही तंतोतंत जुळणार नाही. कोणाची पेटी पाव सूर चढी, कोणाची उतरलेली. शिवाय खाँसाहेब तानपुऱ्याचे. तानपुरा गळ्याला लावायचा, गळा तानपुऱ्याला नाही.

मी मूळचा मिरजेचा, आता धायरीत. दर्ग्याच्या उरुसाला खाँसाहेबांच्या स्मृतीसाठी जे गाणं होतं ते लहानपणापासून ऐकलंय. तिथले म्हातारे एक सांगायचे: खाँसाहेबांचा तानपुरा ऐकला तरी मैफल ऐकल्यासारखं वाटायचं. तबकडीत तानपुरा शोधा. खरखरीच्या मागे असतो. तो सापडला की वेगाचा प्रश्न निम्मा सुटतो, कारण जवारी, म्हणजे तानपुऱ्याच्या तारांचा गुंजता झंकार, चुकीच्या वेगाला बोलत नाही. चढ्या वेगाला ती पत्र्यासारखी वाजते.


कोथरूड_डेपो · मंगळवार, दुपारी १:३०

तानपुऱ्याचा विषय निघालाय म्हणून माझं दुःख सांगतो. वडिलांकडे हिराबाई बडोदेकरांच्या सात तबकड्या होत्या. पाच वर्षांपूर्वी एका ठिकाणी त्या संगणकावर उतरवून घेतल्या. पैसे भरपूर घेतले, पेन ड्राइव्ह छान डबीत दिला. घरी येऊन लावलं तर खरखर पूर्ण गेलेली. आई म्हणाली, "किती स्वच्छ!" पण दोन मिनिटांत ती गप्प झाली. तानपुराच नव्हता. अखंड चालणारा आवाज म्हणजे खरखर, असं समजून त्या सॉफ्टवेअरने तानपुराही पुसून टाकला होता. हिराबाई रिकाम्या खोलीत एकट्या गात होत्या. आवाजातला श्वास आणि 'स'चा सीत्कारसुद्धा गेला होता.

मूळ रेकॉर्डिंग मागायला गेलो तर ते ठेवलंच नव्हतं. तबकड्या माझ्याकडे होत्या म्हणून निभावलं. पुढच्यांसाठी कळकळीने सांगतो: आधी जसं आहे तसं, खरखरीसकट उतरवून घ्या आणि ती फाइल कायम जपा. साफसफाई नंतर दुसऱ्या प्रतीवर करा, आणि तीही टिचक्यांपुरती. खरखरीची कानाला दोन मिनिटांत सवय होते. गेलेल्या तानपुऱ्याची होत नाही.


बागेश्री · मंगळवार, दुपारी २:०५

"हिराबाई रिकाम्या खोलीत एकट्या गात होत्या." वाचून कसंतरी झालं.


शनिपार · मंगळवार, रात्री ८:४५

थोडं वेगळं. तुम्ही सगळे दोन प्रतींतला फरक मोजताय. मी भारत गायन समाजात शिकलो, आणि आमच्यापुढे दुसराच प्रश्न असायचा. भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली समाज सुरू केला. त्यांना ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशा तिन्ही घराण्यांची तालीम होती. १९२२ साली गेले. त्या आधी वीस वर्षं भारतात ध्वनिमुद्रण चालू होतं. गौहरजानने १९०२ मध्ये कलकत्त्यात तबकडी दिली. आणि बुवांचा एक स्वर आपल्याकडे नाही.

मी मास्तर कृष्णरावांच्या आणि बालगंधर्वांच्या तबकड्या घेऊन बसतो. दोघेही बुवांचे शिष्य. एखादी तान, एखादी समेवर यायची तऱ्हा दोघांत सारखी सापडली की मी ती वहीत टिपतो. ती कदाचित बुवांची असेल. आतापर्यंत चौदा जागा झाल्यात.

पाव सूर चढा असो की उतरलेला, तुमच्याकडे खाँसाहेब आहेत.


लाखेची_तबकडी · मंगळवार, रात्री ९:३०

शनिपार, ती वही जपा. आणि जमलं तर त्या चौदा जागा इथे स्वतंत्र धाग्यात लिहा, तबकडीचं नाव आणि साधारण कितव्या सेकंदाला, असं.

गौहरजानचा उल्लेख आलाच आहे तर वेगाचा एक सुंदर धागा तिच्याकडेच आहे. गाणं संपलं की ती इंग्रजीत आपलं नाव सांगते. तेव्हा मेणाच्या मूळ प्रती जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथे तबकड्या छापल्या जायच्या. तिथल्या लोकांना कोण गातंय ते कळावं म्हणून ही घोषणा. आज तिचा उपयोग वेग ठरवायला होतो. गाताना माणूस कुठल्याही पट्टीत जाईल, पण बोलण्याचा आवाज चढला तर कोणालाही लगेच कळतो. ज्या तबकडीत बोलणं आहे तिथे आधी बोलणं माणसासारखं होईपर्यंत वेग कमीजास्त करा.


तोडी_की_तोडी · बुधवार, सकाळी ११:००

माझ्याकडे 'गांधारी हुबळी' नावाची एक तबकडी आहे. म्हणजे गंगूबाई हनगल, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीच्या. जुन्या बाजारात एका रविवारी जुन्या कुलपांच्या ढिगाखाली मिळाली. लावली तर कोवळा, उंच आवाज. गंगूबाईंचा तो घनगंभीर आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना ओळखूच येणार नाही. मी संगणकावर वेग कमी करत करत आणला, तर एका ठिकाणी थेट आपल्या गंगूबाई ऐकू यायला लागल्या. मला वाटतं ही तबकडी फार जलद छापली गेली असणार. इतरांचं मत?


खरज · बुधवार, सकाळी ११:२०

नाही.


मिरजेचा_तानपुरा · बुधवार, दुपारी १२:१०

खरज, थोडं समजावून सांगत जा.

तोडी, गंगूबाईंचा आवाज तरुणपणी खरंच तसा होता. पुढे घशाची शस्त्रक्रिया झाली आणि आवाज बदलला. तो बदललेला आवाज घेऊन त्यांनी सगळी गायकी त्यावर उभी केली, हेच तर त्यांचं मोठेपण. वेग कमी करून आपण त्यांची ती कमाई पुसतोय.

आणि हिशेबही बसत नाही. तुम्ही किती खाली आणलं? पेटीच्या चार पट्ट्या, काळी-पांढरी धरून? तेवढं खाली यायला तबकडी ६२ ने फिरवावी लागेल. कुठलीही कंपनी तेवढी चुकत नव्हती. तबल्याकडे लक्ष द्या. त्या वेगाला चाट (तबल्याच्या कडेचा आवाज) ओल्या कातड्यासारखी वाजत असेल.


तोडी_की_तोडी · बुधवार, रात्री १०:५०

आत्ता पुन्हा ऐकलं. साडेतीन पट्ट्या खाली आणलं होतं, आणि तबला खरंच मेलेला आहे. मी फक्त गळा ऐकत होतो. आता मूळ वेगाला लावली, आणि एक गोष्ट लक्षात आली: तानेत ती जी बेधडक वर झेप घेते ती पुढेही तशीच राहिली. आवाज बदलला, झेप नाही. धन्यवाद, माझी चूक मान्य.


स्पूलवाला · गुरुवार, सकाळी ७:३०

धागा उशिरा पाहिला. मी ७४ वर्षांचा आहे, टंकायला वेळ लागतो.

जुनी_सुई, तबकड्यांना अजून पन्नास वर्षं काही होत नाही, नीट ठेवल्या तर. तुमच्या ११ स्पूलकडे मात्र आज बघा. डबा उघडून वास घ्या. आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर फीत मरायला लागलीय, तिला आधी उतरवा. फीत चिकट झाली असेल तर मशीनवर चालवूच नका. थर सुटून हेडवर बसतो आणि गाणं जातं. जलद गुंडाळूही नका. दोन महिने पावसाळा निघायचाय, तोवर डबे लाकडी कपाटात नकोत, भिंतीला टेकलेले तर अजिबात नकोत. पुण्याच्या पावसाळ्यात बुरशी आधी कागदी वेष्टनाला लागते आणि मग आत शिरते.

वेगाचा प्रश्न स्पूलमध्येही येतो. घरच्या मशीनवर सेकंदाला साडेसात किंवा पावणेचार इंच. यात गोंधळलात तर थेट सप्तकाचा फरक पडतो, ते लगेच कळतं. बारीक फरक कळायला विजेचा गुणगुणाट शोधा. मैफलीतली वायरिंग कच्ची असायची आणि फितीवर पन्नासचा किंवा शंभरचा घुमारा उतरायचा. हल्ली संगणकावर तो रेघेसारखा दिसतो म्हणतात. आमच्या वेळी कानाने शोधायचो, गाणं सुरू व्हायच्या आधी, लोक स्थिरस्थावर होत असताना. तो घुमारा पन्नासवर आणला की वेग जवळपास जुळतो. जवळपास म्हणतो, कारण तेव्हा वीज नेहमी नेमकी पन्नासवर असायचीच असं नाही.

'घरी' लिहिलेले स्पूल म्हणजे तुमच्या मामांच्या दिवाणखान्यातल्या मैफली असणार. त्यात गाण्याइतकंच बाकीचं ऐका. चहाचे कप, "या, पुढे बसा", समेवरची दाद. एलपीवर दाद नसते. गायक समोरच्या वीस माणसांसाठी गातो तेव्हा बंदिश निराळी उलगडते. स्टुडिओत त्याच्यासमोर असतो तो काचेपलीकडचा लाल दिवा.


जुनी_सुई · गुरुवार, सकाळी ८:१५

काका, ऑफिसला जायच्या आधी अकराही डबे उघडले. दोनांना वास येतोय. ते वेगळे काढून जेवणाच्या टेबलावर ठेवलेत, बाकीचे लोखंडी कपाटात. आज संध्याकाळी माणूस शोधतो.


स्पूलवाला · गुरुवार, सकाळी ८:४०

माझ्याकडे मशीन चालू स्थितीत आहे. सिंहगड रोडला या. पैशांचा विषय काढू नका.


कोथरूड_डेपो · गुरुवार, रात्री ९:१०

काका, एक विचारू का? अशा घरगुती मैफलींचं ध्वनिमुद्रण नेटवर टाकावं का? प्रसिद्ध झालेल्या तबकड्यांचा हक्क आपल्याकडे ६० वर्षांचा, त्यामुळे खाँसाहेबांची भैरवी कोणीही टाकली तरी हरकत नाही. पण घरी गायलेलं?


स्पूलवाला · गुरुवार, रात्री ९:५५

मी टाकत नाही. गायकाने घरातल्या माणसांवर विश्वास ठेवून त्या रात्री घसा बसलेला असतानाही गायलं असेल. माझ्याकडच्या दोन मैफलींत गायक स्पष्ट म्हणतो, "मशीन बंद करा." एका ठिकाणी बंद झालेलं आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही. त्या दुसऱ्या फितीतला पुढचा सव्वा तास हा मी आयुष्यात ऐकलेल्या सर्वोत्तम गाण्यांपैकी आहे, आणि तो मी कोणालाही दिलेला नाही. गायकाच्या मुलांना मात्र प्रत नेऊन दिली. त्यांनी ठरवावं.


तोडी_की_तोडी · गुरुवार, रात्री १०:२०

काका, मला हे पटत नाही, आदर ठेवून सांगतो. अशाने किती गाणं ट्रंकेत मेलं असेल. शनिपारांनी वर लिहिलंय त्याचं काय? बुवांच्या एखाद्या मैफलीचं चोरून केलेलं मुद्रण आज सापडलं तर आपण काय म्हणू?


शनिपार · गुरुवार, रात्री ११:००

सापडलं तर मी ते ऐकीन, रडीन, आणि मग तोडींच्या बाजूने मत देईन. पण त्यांच्या घरच्यांना विचारून.


मारवा_सात_वाजता · शुक्रवार, रात्री ८:००

मूळ प्रश्नाकडे वळतो: कुठली ध्वनिमुद्रिका, काय ऐकू आलं.

अमीर खाँसाहेबांची १९६० ची एलपी, एका बाजूला मारवा, दुसरीला दरबारी. हिची कॅसेट, सीडी, सगळं माझ्याकडे होतं. गेल्या वर्षी एलपी मिळाली, मुखपृष्ठ फाटलेलं पण तबकडी स्वच्छ. 'पिया मोरे अनत देस' सुरू होतं आणि खाँसाहेब कोमल रिषभ आणि धैवत यांच्यात फिरत राहतात. षड्ज जवळ येतो आणि ते वळसा घालून निघून जातात. पंचम तर रागात नाहीच, त्यामुळे टेकायला जागा नाही. दिवेलागणीला घरी परतणाऱ्या माणसाला घर दिसतंय पण दार सापडत नाही, तसं. बऱ्याच वेळाने षड्ज लागतो तेव्हा माझ्या घरातली मंडळीसुद्धा, ज्यांना गाण्याचा गंध नाही, हातातलं काम थांबवतात.

सीडीवर हे सगळं आहे. पण एलपीवर एक जास्तीची गोष्ट आहे. खाचा एकमेकींना इतक्या लागून असतात की मोठा आवाज यायच्या आधी त्याची पुसट छाया शेजारच्या खाचेत उमटते. एक फेरा म्हणजे १.८ सेकंद. शांततेनंतर खाँसाहेब स्वर लावणार असतात त्याच्या पावणेदोन सेकंद आधी तो स्वर दुरून आल्यासारखा ऐकू येतो. तांत्रिकदृष्ट्या हा दोष आहे, मला माहीत आहे. पण मारव्यात तो स्वर आधी मनात लागतो आणि मग गळ्यात, असं वाटतं. मी ही एलपी उजेड जाताना दिवा न लावता ऐकतो.


खरज · शुक्रवार, रात्री ८:३५

मीही आज लावतो.


बागेश्री · शुक्रवार, रात्री ९:०५

खूप सुंदर लिहिलंय. माझ्यासाठी तसं किशोरीताईंचं भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री असलेली एलपी. 'प्रथम सुर साधे' मधला गंधार. भूप पाच स्वरांचा राग, त्यात शिकाऊ माणसाला वाटतं काय कठीण आहे. तो गंधार ऐकल्यावर मी तीन महिने भूप गायले नाही.

आणि सवाई गंधर्व महोत्सवाबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? महोत्सव १९५३ पासून चालू आहे, मोठमोठे कलाकार गाऊन-वाजवून जातात, आणि समारोपाला लागते ती सवाई गंधर्वांची भैरवीतली जुनी ध्वनिमुद्रिका, 'बिन देखे पडे नाही चैन'. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या शिष्याची भैरवी. एवढा मोठा मांडव, एवढे मोठे ध्वनिक्षेपक, आणि त्यातून येतो तो तबकडीतला छोटासा आवाज. मागच्या वेळी माझ्या शेजारचे एक आजोबा डोळे मिटून प्रत्येक जागेच्या आधी बोट उचलत होते. काही मिनिटांच्या तबकडीत अख्खं घराणं मावतं ते मी तिथे पाहिलं.


लाखेची_तबकडी · शुक्रवार, रात्री १०:१५

बागेश्रीताई, यावर थोडं बोलतो. लोक म्हणतात की तबकडीत वेळ नव्हता म्हणून गायकांनी ख्याल कापून दिला. मी उलट म्हणेन. दहा इंची तबकडीत तीन-सव्वातीन मिनिटं, बारा इंचीत चार-साडेचार. मैफलीत तास गाणारा माणूस तिथे उभा राहतो तेव्हा त्याला ठरवावं लागतं की या रागात माझं स्वतःचं काय आहे. फैयाज खाँसाहेब, केसरबाई, वझेबुवा, प्रत्येकाने वेगळं उत्तर दिलं. कोणी नोमतोमचा (शब्दांऐवजी 'नोम-तोम' म्हणत केलेल्या आलापाचा) एक झरोका ठेवला, कोणी पहिल्या आवर्तनापासून तानेला हात घातला. आपल्या धाग्यातल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी लांब स्वर ठेवला. घड्याळ चालू असताना लांब स्वर ठेवायला धीर लागतो. नेटवरची प्रत जलद असेल तर नेमका तो धीरच तिच्यातून जातो.


जुनी_सुई · रविवार, रात्री ९:५०

मंडळी, आज दुपारी स्पूलवाले काकांकडे सहाजण जमलो. बागेश्रीताई तानपुरा घेऊन आल्या, मिरजकर त्यांना जवारी लावून द्यायला. खरज प्रत्यक्षात खूप बोलतात.

टर्नटेबलचा पट्टा सैल झाला होता, तो बदलला. काकांच्या घरी अजून चोकवाली ट्यूब आहे, तिच्याखाली रेघा स्थिर झाल्या. मग भैरवी लावली. आधी ७६, मग ७८, मग नेटवरची प्रत. प्रत्येक वेळी ताईंनी तानपुरा जुळवून घेतला. नेटवरच्या प्रतीला तारा ताणताना मिरजकर म्हणाले, "बास, तुटेल." ७६ ला जवारी सुस्त वाटली. ७८ ला तबकडीतला तानपुरा आणि खोलीतला तानपुरा एकमेकांत मिसळले, आणि काही क्षण कुठला कुठला ते मला कळेना. षड्ज कुठल्या पट्टीवर आला ते मुद्दाम लिहीत नाही. ज्यांच्याकडे ही तबकडी आहे त्यांनी आधी आपापल्या प्रतीवर वेग मोजून षड्ज शोधावा आणि मगच इथे लिहावा, सोबत लेबलजवळच्या गुळगुळीत भागात कोरलेला मॅट्रिक्स नंबरही (त्या ध्वनिमुद्रणाचा क्रमांक) द्यावा. मग ताडून बघू.

ताईंनी नंतर कोमल रिषभाची ती जागा गाऊन दाखवली, तबकडीबरोबर, त्याच गतीने. पहिल्यांदा जमली नाही. चौथ्यांदा सुई परत ठेवली तेव्हा जमली.

वास येणाऱ्या दोन फितींपैकी एक उतरवून झाली. सुरुवातीला मामांचा आवाज आहे, "दार लावून घ्या, गाडीचा आवाज येतो." मामांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. काकांनी तिथे मशीन थांबवलं आणि मला पाणी आणून दिलं. गाणारे कोण आहेत ते अजून ओळखता आलेलं नाही. राग यमन आहे, आवाज पुरुषाचा, सारंगीची साथ. दुसरी फीत बुधवारी.


खरज · रविवार, रात्री १०:०५

यमनातली ती बंदिश मी आणखी एका ठिकाणी ऐकलीय. बुधवारी वही घेऊन येतो.